दख्खनी मेंढीची कृमिप्रतिकारक्षमता : फलटणच्या संशोधनाची एक चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील दख्खनी मेंढीच्या आनुवंशिक सुधारणेचे महत्त्वाचे कार्य १९९० च्या दशकापासून सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाले. या कार्याने आरंभी तीन उद्दिष्टे स्वीकारली होती : जननक्षमता, वाढ आणि कृमिप्रतिकारक्षमता. त्यांपैकी पहिल्या उद्दिष्टात संशोधनाला लक्षणीय यश लाभले. तिसरे उद्दिष्ट मात्र क्रमाने मागे पडले. हे का घडले, ते कितपत अपरिहार्य होते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. नाशिक जिल्ह्यातील मेंढपाळांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार शेवटी मांडला आहे.

बीजशब्द : दख्खनी मेंढी, गरोल, फेक-बी जनुक, हिमॉन्कस, बहुजनुकीय गुण, स्थलांतर.

१. प्रास्ताविक

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. महाराष्ट्राचा त्यातील वाटा सुमारे २७ लाखांचा. त्यांत मोठे प्रमाण दख्खनी जातीचे असून लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार मानले जातात. दख्खनी मेंढी ही पर्जन्यछायेच्या प्रदेशातील मेंढी आहे. कमी चारा, लांबची चाल आणि कडक ऊन तिला सोसते. ओल मात्र तिला सोसत नाही. पावसाळ्यात कळपातील कोकरे खंगू लागतात, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट पडतात आणि जबड्याखाली पाणी उतरून सूज येते. ही सूज प्रत्येक मेंढपाळाच्या परिचयाची आहे.

या खंगण्यामागचे प्रमुख कारण म्हणजे हिमॉन्कस कॉन्टॉर्टस हा गोलकृमी. मेंढीच्या चौथ्या पोटात राहून तो रक्त शोषतो. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलीटर रक्त घेतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पोटात एक हजार कृमी असलेले कोकरू दिवसाला ५० मिलिलीटर रक्त गमावते. १५ किलो वजनाच्या कोकराच्या अंगात एकूण रक्त जेमतेम एक लिटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे हानीचे प्रमाण ध्यानात येते. मादी कृमी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीवाटे कुरणात पडतात, उबदार ओलीत त्यांतून अळ्या बाहेर येतात आणि गवताबरोबर पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. तेथून सुमारे तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालू लागते.

या चक्राला अडविण्याचे दोन मार्ग आहेत. एक औषधाचा, दुसरा आनुवंशिकतेचा. पहिला मार्ग सर्वांना ठाऊक आहे. दुसरा फलटणच्या संशोधनाने महाराष्ट्रासाठी काही काळ खुला केला होता. त्याचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

२. औषधाच्या मार्गाची मर्यादा

मराठीतील पशुसंवर्धनविषयक विस्तार-साहित्य पाहिल्यास कृमींबाबत त्यात बहुधा एकच सूचना आढळते : पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संपूर्ण कळपाला जंतनाशक पाजावे. ही सूचना हेतूने चांगली आहे. परंतु ती एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे औषधाचा गुण कायम राहतो. वस्तुस्थिती तशी नाही. थायाबेंडाझोल १९६० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे कृमी आढळू लागले. भारतातही १९७० च्या दशकातच अशा कृमींची नोंद झाली. पुढे लेव्हामिसोल आणि आयव्हरमेक्टिन यांचेही तसेच झाले. मोनेपँटेल हे सर्वस्वी नव्या वर्गातील औषध २००९ साली न्यूझीलंडमध्ये विक्रीस आले. २०१३ पर्यंत तेथेच त्याला दाद न देणाऱ्या कृमींची नोंद झाली.

यामागचे कारण आनुवंशिकच आहे, फक्त ती आनुवंशिकता मेंढीची नसून कृमीची आहे. बेंझिमिडाझोल वर्गातील औषधे कृमीच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतात. या प्रथिनाच्या जनुकात २०० व्या स्थानी एक बदल झाला की औषधाची पकड सुटते. संपूर्ण कळपाला एकाच दिवशी औषध पाजले की असा बदल असलेले कृमीच तेवढे उरतात आणि पुढची प्रजा त्यांचीच होते. मेंढीचे वजन नजरेने ठरवून मात्रा कमी दिली गेली तर ही निवड अधिक वेगाने घडते. म्हणजेच मेंढपाळ नकळत कृमींचे प्रजनन करीत असतो, आणि ते उत्तम रीतीने करीत असतो. ज्या निवडीच्या तत्त्वाने मेंढी सुधारता येते, त्याच तत्त्वाने कृमी सुधारत आहेत. मेंढीच्या बाजूने आनुवंशिक विचार करण्याची निकड येथे उत्पन्न होते.

३. फलटणचे संशोधन : पार्श्वभूमी

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेची स्थापना केली. १९९० च्या दशकात या संस्थेने मेंढीकडे लक्ष वळविले. दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. तिला जुळी व्हावीत यासाठी संस्थेने पश्चिम बंगालमधील सुंदरबनच्या गरोल मेंढीचा आधार घेतला. गरोल ही १० ते १५ किलो वजनाची चिमुकली मेंढी. मात्र तिला एका वेळी दोन-तीन कोकरे होणे सामान्य आहे.

या निवडीला इतिहासाचाही पाठिंबा होता. १७९२ आणि १७९३ साली कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. न्यू साउथ वेल्समधील बुरुला या मेंढवाड्यातील मेरिनो मेंढ्या पुढे बहुप्रसवतेसाठी प्रसिद्ध झाल्या. २००१ साली तीन स्वतंत्र संशोधनगटांनी या गुणामागचे उत्परिवर्तन मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात निश्चित केले, आणि २००२ साली तेच उत्परिवर्तन गरोल मेंढीत असल्याचे प्रसिद्ध झाले. बुरुलाचे मूळ बंगालमध्ये असावे, या तर्काला त्यामुळे बळकटी आली. हेच ते फेक-बी जनुक.

ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या साहाय्याने १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात फलटणच्या संस्थेबरोबर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आर्मिडेलचे न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि मेलबर्न विद्यापीठ सहभागी होते. प्रकल्पाच्या लांबलचक शीर्षकातच जननक्षमता, वाढ आणि कृमिप्रतिकारक्षमता हे तीन शब्द एका ओळीत आले होते. शीर्षक हे संशोधनाचे वचन असते. म्हणूनच या तिन्ही शब्दांचा पुढील प्रवास तपासणे न्याय्य ठरते.

४. २००३ चा शोधनिबंध आणि त्याचा आशय

चंदा निंबकर, प्रदीप घळसासी, अँड्र्यू स्वान, स्टीव्ह वॉल्कडेन-ब्राउन आणि लुईस कान यांचा शोधनिबंध २००३ साली 'ॲनिमल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दख्खनी आणि बन्नूर कोकरांची तसेच गरोलशी झालेल्या त्यांच्या संकरांची वाढ आणि कृमिप्रतिकारक्षमता यांची तुलना हा त्याचा विषय होता. निष्कर्ष दुहेरी होता. गरोल रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत कृमींची अंडी कमी आढळली. परंतु ही कोकरे वजनाने हलकी होती.

हा शोधनिबंध अनेक दृष्टींनी मोलाचा आहे. भारतीय मेंढीच्या दोन जातींमध्ये प्रतिकारक्षमतेचा आनुवंशिक फरक आहे, हे त्याने मोजून दाखविले. गरोल मेंढी सुंदरबनच्या पाणथळ जमिनीत, प्रसंगी पाण्यात उभी राहून चरते. ओलीतील कृमींशी तिचा संबंध पिढ्यान्पिढ्यांचा आहे. त्या परीक्षेत जी टिकली तीच तिची आजची प्रजा, असे मानणे सुसंगत ठरते. दख्खनी मेंढीची परीक्षा वेगळ्या विषयात झाली होती.

येथवर संशोधनाची दिशा निर्दोष दिसते. प्रश्न पुढे निर्माण होतो. २००८ च्या नोव्हेंबरात पुणे येथे हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि २००९ मध्ये तिचे निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. या ग्रंथाचे शीर्षक मेंढी-पैदास कार्यक्रमांतील फेक-बी जनुकाच्या उपयोगापुरते आहे. १९९८ च्या शीर्षकातील तीन शब्दांपैकी जननक्षमतेचा वारसा येथे ठळकपणे उरला. कृमिप्रतिकारक्षमता शीर्षकातून नाहीशी झाली. दहा वर्षांच्या अंतराने छापली गेलेली ही दोन शीर्षके शेजारी ठेवली की संशोधनाचा कल कोणत्या बाजूला झुकला हे स्पष्ट होते.

५. एक जनुक आणि अनेक जनुके

हा कल कोणाच्या दुर्लक्षाचा परिणाम नाही. तो पद्धतीचा परिणाम आहे. फेक-बी हे एकच आणि मोठ्या प्रभावाचे जनुक आहे. त्याची एक प्रत मिळालेल्या मेंढीला दर विण्यामागे सरासरी सुमारे अर्ध्या कोकराची भर पडते. रक्ताच्या नमुन्यावरून ते डीएनए-चाचणीने ओळखता येते. नर कोकरू लहान असतानाच ते वाहक आहे किंवा नाही हे सांगता येते. वैज्ञानिकाला, अनुदान देणाऱ्या संस्थेला आणि मेंढपाळाला असा गुण एकाच वेळी समजतो.

कृमिप्रतिकारक्षमता तशी नाही. हा बहुजनुकीय गुण आहे. मेंढीच्या २७ गुणसूत्रजोड्यांपैकी अनेकींवर त्याचे छोटे छोटे धागे पसरलेले आहेत. विसाव्या गुणसूत्रावरील प्रतिकारसंस्थेशी संबंधित जनुकसमूहाचा आणि तिसऱ्या गुणसूत्रावरील गॅमा इंटरफेरॉनच्या जनुकाचा संबंध स्कॉटलंडमधील मेंढ्यांत दिसून आला आहे. तथापि एका जातीत सापडलेला धागा दुसऱ्या जातीत सापडेलच असे नाही. अनेक अभ्यासांत या गुणाचा वंशागत भाग साधारणतः पाचवा ते तिसरा हिस्सा इतका आढळतो. म्हणजे निवडीने सुधारणा निश्चित होते. परंतु ती सावकाश होते आणि प्रत्येक पिढीत मोजमाप मागते.

फलटणच्या पद्धतीतील कळीचा मुद्दा येथे आहे. गरोलचे फेक-बी जनुक दख्खनीत आणायचे, परंतु गरोलचा ठेंगणेपणा आणायचा नाही, यासाठी संकरित प्रजेचा पुन्हापुन्हा दख्खनीशी संकर करावा लागतो. पहिल्या संकरात गरोलचे रक्त निम्मे, दुसऱ्यात पाव, तिसऱ्यात आठवा हिस्सा. प्रत्येक पिढीत चाचणी करून फेक-बी राखले जाते. बाकी सर्व निम्म्याने घटत जाते. बहुजनुकीय गुणांचे परिणाम बेरजेने होतात असे धरले, तर दख्खनी आणि गरोल यांच्यातील प्रतिकारक्षमतेचा फरक १०० मानल्यास पहिल्या संकराच्या वाट्याला ५०, दुसऱ्याच्या २५ आणि तिसऱ्याच्या १२.५ एवढाच लाभ येतो. ठेंगणेपणा गाळणाऱ्या चाळणीनेच प्रतिकारक्षमताही गाळली जाते. या चाळणीत एकच दाणा हाताने वेचून ठेवलेला असतो, आणि तो जननक्षमतेचा.

'नारी सुवर्णा' या नावाने ओळखली जाणारी मेंढी या प्रक्रियेतून घडली. दख्खनीच्या अंगलटीची, जुळी देणारी आणि तिच्यासारखेच ऊन सोसणारी अशी ही मेंढी खरोखर एक उपलब्धी आहे. मेंढपाळाच्या कळपापर्यंत पोचलेले आनुवंशिक संशोधन भारतात विरळच. परंतु तिच्या अंगी गरोलचे काय आले आणि काय आले नाही, हे स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक आहे. २००३ च्या शोधनिबंधाने जो ठेवा मोजला होता, तो बराचसा मागे राहिला.

६. बचावाची बाजू

या टीकेला उत्तर नाही असे नव्हे. पहिले उत्तर हवामानाचे. फलटण परिसरात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षातील बराच काळ जमीन इतकी कोरडी असते की अळ्या जगत नाहीत. अशा प्रदेशात कृमींपेक्षा दुसऱ्या कोकराचा लाभ मोठा मानणे अव्यवहारी नाही.

दुसरे उत्तर अर्थशास्त्राचे. जुळे कोकरू दिसते. ते विकून पैसा हाती येतो. जे कोकरू कृमींनी मेले नाही, ते कशामुळे मेले नाही हे दिसत नाही. न घडलेल्या हानीचे मूल्य हिशेबाच्या वहीत उतरत नाही. मेंढपाळाचा विश्वास संपादन करून त्याच्या कळपात नर सोडायचा असेल तर दिसणारा लाभ प्रथम द्यावा लागतो.

तिसरे उत्तर नैतिक स्वरूपाचे असून ते सर्वांत वजनदार आहे. प्रतिकारक्षमता मोजायची तर कोकरांना काही आठवडे औषध न देता नैसर्गिक संसर्ग होऊ द्यावा लागतो आणि मग प्रत्येकाच्या लेंडीतील अंडी मोजावी लागतात. संस्थेच्या कळपात हे शक्य आहे. ज्याचा संसार पन्नास-साठ मेंढ्यांवर चालतो त्याला असा प्रयोग करण्यास सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रयोगात मेलेल्या कोकराची भरपाई कोण करणार?

ही तिन्ही उत्तरे मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो जीवशास्त्रीय आहे. जननक्षमता आणि कृमिप्रतिकारक्षमता हे दोन सुटे गुण नाहीत. विण्याच्या सुमारास आणि दूध पाजण्याच्या काळात मेंढीची कृमींवरील पकड सैल होते. तिच्या लेंडीतील अंडी वाढतात आणि तिचीच कोकरे त्या कुरणात पहिले गवत खातात. ही सैल पडण्याची क्रिया एकापेक्षा जुळी पाजणाऱ्या मेंढीत अधिक तीव्र असते, कारण तिच्या शरीरातील प्रथिनांची ओढाताण अधिक असते. म्हणजे जुळ्यांचे जनुक देणाऱ्याने कृमींचा धोकाही काही अंशी वाढवूनच दिलेला असतो. वाढीव खुराक दिल्यास हा धोका आवरता येतो. परंतु दुष्काळी वर्षी वाढीव खुराक कोठून येणार, हा प्रश्न मेंढपाळाला नित्याचाच आहे. ज्या दोन उद्दिष्टांना निसर्गाने एकत्र बांधले आहे, त्यांना पद्धतीच्या सोयीसाठी वेगळे करणे ही या संशोधनाची खरी उणीव होय.

७. इतरत्र काय घडले

इतर ठिकाणच्या अनुभवांशी तुलना केल्यास ही उणीव अपरिहार्य नव्हती, असे दिसते. ऑस्ट्रेलियात आर्मिडेल येथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिमॉन्कसविरुद्ध निवड केलेले मेरिनो कळप राखले गेले. न्यूझीलंडमध्येही त्याच सुमारास रोमनी मेंढीत अशी निवड सुरू झाली आणि १९९० च्या दशकात ती व्यावसायिक पैदासकारांपर्यंत पोचली. तेथे परक्या जातीचे रक्त न आणता, एकाच जातीतील कमी अंडी टाकणारे नर निवडण्यात आले.

भारतातही राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मालपुरा मेंढीत हिमॉन्कसला प्रतिकार करणारी आणि बळी पडणारी अशी दोन वेगवेगळी कुळे निवडीने घडविली. गरोलचे फेक-बी जनुक मालपुरात आणण्याचे काम त्याच संस्थेत झाले आणि त्यातून पुढे 'अविशान' ही जुळी देणारी मेंढी पुढे आली. दोन्ही प्रवाह एकाच आवारात वाहिले, ही बाब लक्षणीय आहे.

केनियाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथील रेड मसाई मेंढी हिमॉन्कसला उत्तम प्रतिकार करते, हे संशोधनाने सिद्ध केले. परंतु ते सिद्ध होईपर्यंत अनेक पशुपालकांनी अंगाने मोठ्या डॉर्पर मेंढीशी संकर करून आपले कळप बदलून टाकले होते. लाभ दिसण्यापूर्वीच ठेवा विरळ झाला. वजनाच्या मोहात प्रतिकारक्षमता गमावण्याचा हा धोका महाराष्ट्रालाही लागू आहे.

८. मेंढपाळाची वाट आणि मेंढीचे रक्त

दख्खनी मेंढी कृमींपुढे दुबळी का, या प्रश्नाकडे केवळ जनुकांच्या अंगाने पाहणे अपुरे आहे. गुंथर सोंथायमर यांचा धनगरांच्या दैवतांवरील ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या भौगोलिक विभागणीचा पर्यावरणीय अंगाने अभ्यास केला. पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ समाजाचे जीवन पर्जन्यमानाच्या रेषांशी किती घट्ट बांधलेले आहे, हे या अभ्यासांतून उमगते. पावसाळ्यात वाडे कोरड्या पठारावर असतात; दसरा-दिवाळीनंतर ते सह्याद्री उतरून कोकणाकडे जातात आणि मृगापूर्वी परततात. ओल जेथे, तेथे ओलीच्या काळात मेंढी नसते.

नाशिक जिल्ह्यात हे चित्र एका नजरेत दिसते. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर येथे धो धो पाऊस, तर सिन्नर, येवला, नांदगाव हे तालुके कोरडे. मेंढ्यांचे कळप या कोरड्या भागात. वाडा एका शेतात दोन-चार रात्री बसतो, शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य वा पैसा मिळतो आणि वाडा पुढे सरकतो. या व्यवहाराचा खताच्या दृष्टीने विचार नेहमी होतो. कृमींच्या दृष्टीनेही तो अर्थपूर्ण आहे. लेंडीतील अंड्यांतून संसर्गक्षम अळ्या तयार होण्यास अनुकूल हवेतही सुमारे आठवडा लागतो. तोवर कळप तेथून निघून गेलेला असतो. दख्खनी मेंढीला प्रतिकार रक्तातून कमी मिळाला, कारण तो तिला मेंढपाळाच्या वाटेतून मिळत होता, असे अनुमान येथे करता येते.

ही वाट आज अरुंद होत आहे. कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्याने निफाड-येवल्याकडे बारमाही पिके आली. मोकळी शिवारे कमी झाली. वनक्षेत्रातील चराईवर निर्बंध आले. बागायती बांधांवरची हिरवळ हिवाळ्यातही ओली असते आणि कळपाला त्याच बांधावर पुन्हापुन्हा यावे लागते. कृमींचा हंगाम पावसाळ्यापुरता राहत नाही. फलटणच्या बचावातील पहिले उत्तर, म्हणजे हवामान कोरडे असल्याचे, त्यामुळे दिवसेंदिवस क्षीण होत आहे. जी प्रतिकारक्षमता वाटेत होती ती हरवत असताना रक्तातील प्रतिकारक्षमतेचा प्रश्न लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

९. पुढील दिशा

चिकित्सेने केवळ उणीव दाखवून थांबू नये. तीन गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, संज्ञांची शिस्त. मराठी लेखनात प्रतिकारक्षम आणि सहनशील हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. प्रतिकारक्षम मेंढी कृमींना पोटात वाढू देत नाही. सहनशील मेंढी कृमी असूनही तग धरते, मात्र कुरण दूषित करीत राहते. कळपाच्या हिताचा विचार करता या दोहोंत मोठा फरक आहे. दुबळी दिसत नाही म्हणून एखादा नर प्रतिकारक्षम ठरत नाही.

दुसरी, नराची निवड. राज्यातील २०१७ सालच्या राजे यशवंतराव होळकर महामेश योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट कल्पिलेला आहे. वीस मेंढ्यांच्या प्रजेचा निम्मा वारसा या एका नराकडून येतो. अशा नराची निवड करताना वजनाबरोबर लेंडीतील अंड्यांची नोंद पाहिली गेली, तर मेंढपाळाच्या कळपात कोणताही धोकादायक प्रयोग न करता हा गुण त्याच्यापर्यंत पोचेल. मोजमापाचा भार संस्थेच्या कळपाने उचलावा. लाभ मेंढपाळाने घ्यावा. वर मांडलेल्या नैतिक आक्षेपाचेही हेच उत्तर आहे.

तिसरी गोष्ट महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. कळपातील कृमी सर्व मेंढ्यांत सारखे वाटलेले नसतात. थोड्या मेंढ्यांच्या पोटात बहुसंख्य कृमी असतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फमाचा तक्त्यात पापणीच्या आतील रंगाचे पाच टप्पे असून फिकट पापणीच्याच मेंढीला औषध दिले जाते. यामुळे औषधाचा वापर घटतो, आणि पुन्हापुन्हा फिकट पडणारी मेंढी कोणती हेही कळते. लेंडीतील अंडी मोजण्यासाठी सूक्ष्मदर्शक, मॅकमास्टर काचपट्टी आणि मिठाचे संपृक्त द्रावण एवढी सामग्री पुरते. औषध देण्यापूर्वी आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी मोजणी केली आणि घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी आढळली, तर औषधाला दाद न देणाऱ्या कृमींची शंका घेता येते. मात्र हिमॉन्कसची अंडी इतर काही गोलकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात. त्यामुळे अळ्या वाढवून जात निश्चित करण्याची दक्षता घ्यावी लागेल. प्राणिशास्त्र विभागाने मोजावे, अर्थशास्त्र विभागाने हिशेब मांडावा आणि समाजशास्त्र विभागाने वाड्यांच्या वाटा नोंदवाव्यात, असा हा विषय आहे.

१०. निष्कर्ष

फलटणच्या संशोधनाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. एका भारतीय मेंढीचा गुण दुसऱ्या भारतीय मेंढीत रुजविता येतो, आणि तो सामान्य मेंढपाळाच्या कळपापर्यंत पोचविता येतो. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जे जनुक चाचणीत सापडते तेच संशोधनात टिकते, आणि जो गुण अनेक जनुकांत विखुरलेला असतो तो उद्दिष्टांच्या यादीतून हळूहळू गळतो, असाही या संशोधनाचा अनुभव आहे. गळलेला गुण अनावश्यक होता म्हणून गळला नाही. तो मोजण्यास कठीण होता म्हणून गळला.

जुळ्यांना जन्म देणारी मेंढी मेंढपाळाच्या दारी आली आहे. ती जुळी पावसाळ्यातून पार पडावीत, यासाठी २००३ साली मोजलेला आणि नंतर मागे राहिलेला गुण पुन्हा उद्दिष्टांच्या यादीत घेणे आवश्यक आहे. दुसऱ्या कोकराचा लाभ ते कोकरू जगले तरच खरा लाभ ठरतो.